माजी विद्यार्थ्यांची खबरबात : यवतमाळ जिल्ह्यातील कला महाविद्यालयांच्या चालकांना खुले पत्र

प्रति,
मा. संस्थाध्यक्ष, सचिव आणि प्राचार्य,
कला महाविद्यालये, यवतमाळ जिल्हा.

विषय : महाविद्यालयाच्या बातम्या, माजी विद्यार्थी संघ आणि त्यासंबंधीच्या काही विनंत्या.

महोदय / महोदया,


यवतमाळ जिल्ह्यात पदवीचे शिक्षण उशिरा पोचले. वणीला १८८० मध्ये जन्मलेले लोकनायक बापूजी अणे कॉलेजसाठी नागपूरच्या मॉरिस कॉलेजात गेले. पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक त्यांच्यानंतर तीन दशकांनी जन्मले, तरी त्यांनाही तेच कॉलेज गाठावे लागले. १९२३ मध्ये अमरावतीला किंग एडवर्ड कॉलेज निघाले आणि वऱ्हाडातल्या मुलांची वाट थोडी जवळ आली. जिल्ह्याच्या हद्दीत महाविद्यालये आली ती स्वातंत्र्यानंतर. यवतमाळचे अमोलकचंद महाविद्यालय आणि बाबाजी दाते कला व वाणिज्य महाविद्यालय, पुसदचे फुलसिंग नाईक महाविद्यालय, वणीचे लोकमान्य टिळक महाविद्यालय, उमरखेडचे गोपिकाबाई सीताराम गावंडे महाविद्यालय, दारव्ह्याचे मुंगसाजी महाराज महाविद्यालय अशी नावे पुढच्या दशकांत जोडली गेली आणि हळूहळू तालुक्याच्या गावी किमान कला शाखा तरी उभी राहिली. जिल्ह्यातल्या हजारो घरांतला पहिला पदवीधर या वर्गांतून बाहेर पडला आहे. त्यातल्या सुरुवातीच्या तुकड्या आज सत्तरी-ऐंशीत आहेत.

मॉरिस कॉलेजचे आजचे नाव वसंतराव नाईक शासकीय कला व समाजविज्ञान संस्था असे आहे. माजी विद्यार्थ्याचे नाव सबंध महाविद्यालयालाच मिळण्याचा हा दुर्मीळ मान आहे, आणि तो अकरा वर्षांहून अधिक काळ सांभाळलेल्या मुख्यमंत्रिपदाच्या वाटेने आला, हे उघड आहे. प्रस्तुत पत्र ज्यांच्या बाबतीत असला प्रश्नच उद्भवत नाही, त्या बाकीच्या सगळ्या माजी विद्यार्थ्यांविषयी आहे. त्यांची खबर त्यांच्या महाविद्यालयाला नसते आणि महाविद्यालयाची खबर त्यांना नसते. वर नावे आली ती केवळ इतिहासाच्या ओघात. पुढील तक्रारी कोणा एका महाविद्यालयाविरुद्ध नसून एका सर्वत्र रुळलेल्या पद्धतीविषयी आहेत, याची नोंद घ्यावी.

महाविद्यालयाची बातमी बाहेर जाण्याचा सर्वांत जुना मार्ग म्हणजे वार्षिकांक. त्याची मांडणी जिल्ह्यात कुठेही गेले तरी सारखीच आढळते. सुरुवातीची रंगीत पाने संस्थेच्या पदाधिकाऱ्यांच्या छायाचित्रांची, त्यामागे शुभसंदेश, मग प्राचार्यांचे मनोगत आणि संपादकीय. पुढे मराठी, हिंदी, इंग्रजी असे विभाग आणि शेवटी राष्ट्रीय सेवा योजना, एनसीसी, क्रीडा, ग्रंथालय यांचे अहवाल. अनेक अंकांत अखेरच्या पानावर फॉर्म नंबर ४, नियम ८ ही चौकट असते. तीत प्रकाशनस्थळ, नियतकालिकता ‘वार्षिक’, मुद्रक, प्रकाशक, संपादक आणि प्रत्येकासमोर ‘राष्ट्रीयत्व : भारतीय’ असे छापलेले असते. अंकाचा मालक कोण हे कायद्याने सांगावे लागते म्हणून ते सांगितले जाते. मागच्या वर्षी बी. ए. होऊन गेलेली मुले-मुली आज कुठे आहेत हे सांगण्याची कायद्याची सक्ती नाही, म्हणून ते कुठेच नसते. गुणवत्ता यादीतल्यांचे पासपोर्ट आकाराचे फोटो येतात, पण ते पास होण्याच्या दिवसापुरते. त्यानंतर विद्यार्थी अंकातून कायमचा नाहीसा होतो.

दुसरा मार्ग वर्तमानपत्रांचा. ‘लोकमत’ची मुळे यवतमाळच्या साप्ताहिकात आहेत. अशा जिल्ह्यात वर्तमानपत्री जागेचा तुटवडा कधीच नव्हता, आणि महाविद्यालयांच्या बातम्या तालुक्याच्या पानांवर नेमाने छापून येतात. मार्गदर्शन कार्यक्रम संपन्न झाल्याच्या बातमीत अध्यक्षस्थानी कोण होते, प्रमुख अतिथी कोण, प्रास्ताविक कोणी केले, संचालन कोणी केले आणि आभार कोणी मानले एवढे सगळे असते. मार्गदर्शकांनी काय सांगितले हे मात्र सहसा नसते. बातमी महाविद्यालयातूनच लिहून जाते, त्यामुळे हा दोष वार्ताहराच्या माथी मारता येत नाही.

तिसरा मार्ग व्हॉट्सॲपचा. १९९५ ची बॅच, २००४ ची बॅच, होस्टेल ग्रुप, एनएसएस ग्रुप असे अनेक गट चालू आहेत, आणि त्यांनी महाविद्यालयांनी करायचे पुष्कळ काम आपसूक केले आहे, हे मान्य करावे लागते. कोणाच्या मुलीला रक्त हवे असले, कोणाला पुण्यात खोली हवी असली की तासाभरात सोय होते. पण गटात तेवढेच येतात ज्यांचा नंबर कोणाकडे तरी असतो. निधनाची वार्ता ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि हात जोडल्याच्या चित्रासह येते. गेलेला माणूस कुठल्या गावचा, कोणत्या साली पास झालेला, कोणता विषय घेतलेला, हे विचारणाऱ्याला उत्तर मिळेपर्यंत खाली पन्नास हात जोडलेले असतात. मोबाइल बदलला की सगळे पुसले जाते. अशा गटावर महाविद्यालयाची स्मृती सोपवून स्वस्थ बसणे सोयीचे आहे, एवढेच त्याचे समर्थन.

परदेशातल्या छोट्या महाविद्यालयांनी हा प्रश्न फार पूर्वी सोडवला. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात डोंगराळ भागात विल्यम्स कॉलेज आहे. १८२१ मध्ये त्याचे अध्यक्ष काही विद्यार्थ्यांना घेऊन बाहेर पडले आणि ॲमहर्स्टला निघालेल्या नव्या कॉलेजात गेले. मागे राहिलेले कॉलेज बंद पडणार अशी चिन्हे होती. तेव्हा जुने विद्यार्थी जमले आणि त्यांनी संघ स्थापन केला. आजवर चालत आलेल्या माजी विद्यार्थी संघांत हा सर्वांत जुना मानला जातो. तिथल्या कॉलेजांच्या नियतकालिकांत वर्षवार बातम्यांचे सदर असते. प्रत्येक तुकडीचा एक चिटणीस असतो, तो सवंगड्यांना पत्रे लिहून खबर जमवतो, आणि कोणाचे लग्न झाले, कोणी दुकान टाकले, कोण आजारी आहे, कोण गेले, हे चार-चार ओळींत छापले जाते. अनेक वाचक अंक हाती पडताच आधी हे सदर उघडतात. तिथली श्रीमंती आपल्याकडे नाही, हा आक्षेप इथे लागू होत नाही. या सदराला पैसा लागत नाही, पत्रे लिहिणारा एक चिकाटीचा माणूस लागतो.

जुन्या विद्यार्थ्यांनी महाविद्यालय वाचवल्याचे उदाहरण महाराष्ट्रातही आहे. पुण्याचे डेक्कन कॉलेज मुंबई सरकारने १९३४ मध्ये बंद केले. माजी विद्यार्थ्यांनी हा निर्णय मुकाट्याने स्वीकारला नाही. त्यांनी न्यायालयाचा दरवाजा ठोठावला, आणि १९३९ मध्ये कॉलेज पदव्युत्तर व संशोधन संस्थेच्या रूपात पुन्हा उघडले. भाषाशास्त्र आणि पुरातत्त्व या विषयांत या संस्थेचे पुढे जे नाव झाले, त्याच्या मुळाशी ही लढाई आहे. प्रवेश रोडावल्यामुळे कला शाखेच्या तुकड्या धोक्यात येत असताना आणि निवृत्तांच्या जागा न भरता तासिका तत्त्वावर गाडा हाकला जात असताना, आपल्या बाजूने कोण उभे राहील, हा प्रश्न जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी स्वतःला विचारण्यासारखा आहे. ज्यांना वीस वर्षांत एक ओळ लिहिली नाही, ते उभे राहतील ही अपेक्षा धाडसाची ठरेल.

माजी विद्यार्थ्यांची आठवण महाविद्यालयांना होतच नाही, असे मात्र नाही. ती दोन प्रसंगी हमखास होते. पहिला प्रसंग नॅकचा. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेच्या आजवरच्या सात निकषांपैकी पाचवा निकष विद्यार्थ्यांना मिळणारे साहाय्य आणि त्यांची प्रगती यांविषयी आहे, आणि त्यातच माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाचा उपविभाग येतो. संघ नोंदणीकृत आहे का, त्याने महाविद्यालयासाठी काय केले, पाच वर्षांत किती लाखांचे योगदान दिले, अशी विचारणा होते. याखेरीज अभ्यासक्रमाविषयी माजी विद्यार्थ्यांचा अभिप्रायही मागितला जातो. स्वयंमूल्यनिर्धारण अहवाल जवळ आला की धावपळ सुरू होते. संघ कागदावर येतो, अभिप्रायाचे फॉर्म वाटले जातात, उत्कृष्ट, चांगले, समाधानकारक यांपैकी एका चौकटीत खूण करून घेतली जाते. समितीच्या भेटीच्या दिवशी माजी विद्यार्थ्यांशी संवादाचा अर्धा-पाऊण तास असतो. त्यासाठी हाताशी असलेले माजी विद्यार्थी बोलावले जातात, आणि त्यांपैकी काही त्याच संस्थेत नोकरीला असतात. समिती गेली की मांडव उतरतो आणि संघाची फाइल पुढच्या फेरीपर्यंत कपाटात जाते.

दुसरा प्रसंग अधिसभेच्या निवडणुकीचा. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ नुसार विद्यापीठाच्या अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांचे दहा प्रतिनिधी निवडून जातात. मतदार व्हायचे तर पदवीधराने नोंदणी करावी लागते. त्या दिवसांत पदव्यांच्या झेरॉक्स गोळा करणारी मंडळी घरोघर येतात आणि वर्षानुवर्षे विसरलेली नावे आपुलकीने घेतली जातात. हा हक्क महत्त्वाचा आहे आणि नोंदणी सर्वांनी करावीच. पण महाविद्यालयाने स्वतः वर्षभर या नोंदणीची माहिती दिली असती, तर ती गटातटांच्या हाती गेली नसती.

याच अधिनियमाच्या कलम ९७ कडे विशेष लक्ष वेधणे आवश्यक आहे. प्रत्येक संलग्न महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती असावी आणि तिची वर्षातून किमान चार वेळा बैठक व्हावी, असे हे कलम सांगते. समितीवर व्यवस्थापनाने चार स्थानिक सदस्य नेमायचे असतात, आणि त्यांपैकी किमान एक माजी विद्यार्थी असला पाहिजे. म्हणजे अंदाजपत्रकापासून नव्या अभ्यासक्रमापर्यंतच्या चर्चेत माजी विद्यार्थ्याला बसण्याची जागा कायद्याने दिलेली आहे. ती जागा कोणाला मिळते, त्याची निवड कशी झाली आणि चार बैठकांत तो काय बोलला, हे इतर माजी विद्यार्थ्यांना कळण्याची कोणतीही सोय नाही. अनेकांना अशी जागा आहे हेच ठाऊक नाही. तेव्हा पहिली विनंती अशी : या सदस्याचे नाव, उत्तीर्ण झाल्याचे वर्ष आणि नेमणुकीची मुदत सूचना फलकावर आणि वार्षिकांकात छापावी. संघ खरोखर काम करत असेल, तर ही शिफारस संघाकडून मागवावी.

संघ खरोखर काम करणे म्हणजे काय, हेही स्पष्ट असलेले बरे. १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली सात व्यक्ती एकत्र येऊन संस्था नोंदवू शकतात आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खाली तिची विश्वस्त संस्था म्हणूनही नोंद होते. त्यानंतर दरवर्षी हिशेब तपासून धर्मादाय आयुक्त कार्यालयात सादर करावे लागतात. पदाधिकारी बदलले की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. हे राहून गेले तर बँकेत खाते चालवणे अवघड होते आणि देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देण्याचा विचारही करता येत नाही. नॅकच्या घाईत नोंदवलेल्या संघांचे घोडे बहुधा इथेच अडते. नोंदणी प्रमाणपत्र फ्रेममध्ये लावलेले असते, चेंज रिपोर्ट कोणी भरलेला नसतो, आणि कागदोपत्री अध्यक्ष असलेले गृहस्थ बदली होऊन कधीच परगावी गेलेले असतात. नोकरीतल्या प्राध्यापकाला पदसिद्ध कोषाध्यक्ष करण्याऐवजी गावातल्या एखाद्या माजी विद्यार्थ्याकडे, पतसंस्थेत किंवा सीएच्या कार्यालयात काम करणाऱ्याकडे, हिशेब सोपवावेत. जिल्ह्यात अशी माणसे दुर्मीळ नाहीत.

आता मुख्य गाऱ्हाणे. मेळावा होतो तेव्हा व्यासपीठावर बसणारा माजी विद्यार्थी ठरलेला असतो. उपजिल्हाधिकारी, पोलीस अधिकारी, आमदार, मुंबईत स्थायिक झालेला उद्योजक, अलीकडे परदेशी गेलेला संगणक अभियंता, जो अकरावी-बारावीपुरता त्या संस्थेत होता. त्यांच्या कर्तृत्वाबद्दल कोणाचे काही म्हणणे नाही. पण कला महाविद्यालयातून बाहेर पडलेले बहुतेक जण या यादीत बसत नाहीत. बी. ए. झालेला मुलगा वावरात परततो, पऱ्हाटी आणि सोयाबीन घेतो, जमल्यास गावात कृषी केंद्र टाकतो. कोणी आश्रमशाळेत शिक्षक होतो, कोणी ग्रामसेवक, कोणी पोलीस शिपाई, कोणी एसटीचा वाहक. मुली अंगणवाडीत, बचत गटात, शिवणकामात, रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीवर असतात. झरी जामणी किंवा केळापूर तालुक्यातल्या कोलाम पोडावरून आलेला मुलगा पदवी घेऊन परत गेला, तर ती त्या पोडाच्या इतिहासातली घटना असते. कोलाम ही राज्यातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक. पदवीची अशी घटना वार्षिकांकाच्या पानावर किती वेळा आली, हे महाविद्यालयांनी जुने अंक काढून पाहावे. तांड्यावरची पहिली पदवीधर मुलगी, ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातला पहिला एम. ए., यांच्या बाबतीतही हेच.

सामान्य माणसाला मान देण्याची रीत जिल्ह्याला नवी नाही. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली झाले. लेखिका नयनतारा सहगल यांचे उद्घाटनाचे निमंत्रण मागे घेतल्यावर जो गदारोळ झाला, तो सर्वांच्या स्मरणात आहे. त्यानंतर उद्घाटनाचा मान राजूर गावच्या वैशाली येडे यांना देण्यात आला. आत्महत्या केलेल्या कास्तकाराची ही पत्नी अखिल भारतीय व्यासपीठावरून बोलली आणि सभामंडपाने ऐकले. आयोजकांना हे अडचणीतून सुचले, हे खरे. महाविद्यालयांना अडचण नसतानाही सुचायला हरकत नाही. मेळाव्याचा प्रमुख पाहुणा एखाद्या वर्षी असा माजी विद्यार्थी असावा, ज्याने पंधरा वर्षे कोरडवाहू शेती टिकवली आहे किंवा गावचे वाचनालय चालवले आहे.

माजी विद्यार्थिनींची गोष्ट वेगळीच आहे. जिल्ह्यातल्या कला शाखेत मुलींची संख्या लक्षणीय असते, आणि गृहअर्थशास्त्रासारख्या विषयाचे वर्ग तर बहुतांशी त्यांचेच. तरीही माजी विद्यार्थ्यांच्या यादीत त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरतात. कारण अगदी कारकुनी आहे. महाविद्यालयाच्या रजिस्टरमध्ये माहेरचे नाव, वडिलांचा पत्ता आणि वडिलांचा किंवा भावाचा मोबाइल असतो. लग्नानंतर आडनाव, गाव, नंबर तिन्ही बदलतात. कार्यालयातून जुन्या नंबरावर फोन गेला, तर भाऊ ‘ती आता इथे नसते’ एवढे सांगून ठेवून देतो. मार्कशीट जुन्या नावावर आणि आधार कार्ड नव्या नावावर, यामुळे नोकरीच्या अर्जात होणारी ओढाताण ती वेगळीच. रजिस्टरमध्ये माहेरचे आणि सासरचे अशी दोन्ही नावे आणि तिचा स्वतःचा नंबर यांसाठी रकाने असावेत, ही मागणी क्षुल्लक वाटेल, पण निम्म्या माजी विद्यार्थ्यांची वाट तिच्यावर अवलंबून आहे.

मेळाव्याची तारीखही याच अंगाने तपासावी. मेळावे जानेवारी-फेब्रुवारीत, स्नेहसंमेलनाच्या मांडवातच उरकले जातात, कारण मांडव आणि माईक तयार असतो. पुण्या-मुंबईला, हैदराबादला, नागपूरला गेलेली माणसे तेव्हा गावी नसतात. ती येतात महालक्ष्म्यांना, दुर्गोत्सवात आणि दिवाळीला. यवतमाळचा दुर्गोत्सव पाहायला तर आवर्जून येतात. लेकी भाऊबीजेला माहेरी असतात. त्या दिवसांत महाविद्यालयाला सुट्टी असते, हे खरे. पण भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दोन तास फाटक उघडे ठेवायला, वाचनालयाचे कुलूप काढायला आणि चहा सांगायला एक कर्मचारी आणि दोन प्राध्यापक पुरतात. हारतुरे नसले तरी चालतील. भाषणे तर नसलेलीच बरी.

वर्गणीचा विषय नाजूक असल्याने अखेरीकडे ठेवला आहे. नॅकच्या तक्त्यात योगदान लाखांत लिहायचे असते, त्यामुळे माजी विद्यार्थ्याशी पहिले बोलणेच पैशाचे होते. सिमेंटचा बाक, वॉटर कूलर, सभागृहातले पंखे यांवर देणगीदारांची नावे रंगवलेली दिसतात, आणि ज्याला बाक परवडत नाही तो पुढच्या वेळी फोन उचलत नाही. कला शाखेच्या माजी विद्यार्थ्याकडे पैशापेक्षा देण्यासारख्या दुसऱ्या गोष्टी जास्त असतात. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत ऑन जॉब ट्रेनिंग आणि क्षेत्रप्रकल्प आले आहेत. मारेगाव किंवा महागावच्या बी. ए. च्या मुलांना हे प्रशिक्षण कुठे द्यायचे, या विवंचनेत विभागप्रमुख असतात. त्याच तालुक्यात माजी विद्यार्थी पतसंस्था चालवतात, वर्तमानपत्राचे काम पाहतात, ग्रामपंचायतीत सचिव आहेत, वकिलाकडे मुन्शी आहेत, दूध संकलन केंद्र सांभाळतात. पोलीस भरतीत लागलेल्या मुलाने मैदानी चाचणीची तयारी कशी केली हे अर्ध्या तासात सांगितले, तर शहरातल्या महागड्या क्लासची जाहिरात पाहून घाबरलेल्या मुलांना धीर येतो. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज कुठे अडकतो, हे गेल्या वर्षी तो भरलेल्याला जितके कळते तितके परिपत्रकाला कळत नाही. हे सगळे योगदानच आहे, आणि ते मागण्यासाठी आधी कोण कुठे आहे हे माहीत हवे.

महाविद्यालयाकडून माजी विद्यार्थ्याला लागणारी मदत बहुधा एकाच प्रकारची असते, कागदपत्रांची. अमरावती विद्यापीठ १ मे १९८३ रोजी सुरू झाले. त्याआधी जिल्ह्यातली जुनी महाविद्यालये नागपूर विद्यापीठाला जोडलेली होती. त्यामुळे १९८० च्या पदवीची दुय्यम प्रत हवी असणाऱ्याला नागपूर गाठावे लागते आणि १९९० च्या पदवीधराला अमरावती. उमरखेडच्या माणसाला दोन्ही गावे लांब. चुकीच्या विद्यापीठात जाऊन हात हलवत परत आलेल्यांच्या कथा प्रत्येक तालुक्यात ऐकायला मिळतात. कोणत्या सालाची पदवी कुठल्या विद्यापीठाकडे, कोणता अर्ज, सोबत काय जोडायचे, नावातली चूक दुरुस्त करायची तर काय करावे, टीसीची दुसरी प्रत महाविद्यालय स्वतः देऊ शकते का, एवढे एका पानावर छापून कार्यालयाच्या खिडकीशेजारी लावले, तर माजी विद्यार्थ्यांची जी सेवा होईल ती दहा मेळाव्यांनी होणार नाही.

मृत्यूच्या नोंदींबाबतही विनंती आहे. निवृत्त प्राध्यापक गेल्यावर निदान शोकसभा होते. कार्यालयातला शिपाई, ग्रंथालय परिचर, प्रयोगशाळेतला माणूस गेला तर तेवढेही होत नाही, जरी जुन्या विद्यार्थ्यांना विभागप्रमुखांपेक्षा तोच अधिक आठवत असला तरी. माजी विद्यार्थ्यांपैकी कोण वारले याची यादी वार्षिकांकात दरवर्षी यावी. या जिल्ह्यात ती करताना एक पथ्य पाळावे लागेल. कर्जापायी जीव दिलेल्या कास्तकारांत पदवी घेतलेले लोकही असतात. यादीत मृत्यूचे कारण कोणाच्याही बाबतीत लिहू नये. नाव, गाव, उत्तीर्ण वर्ष, विषय पुरेत. घरच्यांना आधी विचारावे.

माहिती जमवताना आणखी एक भान हवे. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला आहे. मेळाव्याच्या दाराशी वहीत लिहून घेतलेले नंबर दुसऱ्या दिवशी कोणत्या तरी उमेदवाराच्या प्रचार यादीत जातात, असा अनुभव लोकांना आहे. नंबर कशासाठी घेतला जात आहे हे वहीच्या वर लिहावे, संमतीची सही घ्यावी, आणि ती वही कोणालाही, अगदी संस्थेच्या पदाधिकाऱ्यालाही, उसनी देऊ नये.

राहता राहिला बातमीपत्राचा प्रश्न. त्यासाठी समिती नेमण्याचे कारण नाही. मराठी विभागातले एक प्राध्यापक, दोन विद्यार्थी आणि प्रत्येक दशकातून एक माजी विद्यार्थी चिटणीस पुरे. वर्षातून दोनदा, दोन पानी, मराठीत, छापून आणि मोबाइलवरही. पहिल्या पानावर महाविद्यालयात काय घडले : कोणता विषय बंद पडला, कोणती जागा किती वर्षे रिकामी आहे, वसतिगृहात पाणी आले की नाही, निकाल किती लागला, आणि हे सर्व आभारप्रदर्शनाशिवाय. दुसऱ्या पानावर वर्षवार खबर, सर्वांत जुनी तुकडी आधी. शकुंतला रेल्वेने दारव्ह्याहून यवतमाळला ये-जा करून शिकलेले पदवीधर अजून हयात आहेत. त्यांच्या चार ओळी पहिल्या अंकात आल्या, तर पुढच्या अंकासाठी मजकूर मागावा लागणार नाही. अडचणीच्या बातम्या छापल्याने संस्थेची बदनामी होते, ही भीती अनाठायी आहे. त्या बातम्या गावात आधीच पोचलेल्या असतात, फक्त तिखटमीठ लावून.

ग्रंथालयांत जुने वार्षिकांक आहेत, काही ठिकाणी अपुरे, काही ठिकाणी वाळवी लागलेले. ते मोबाइलच्या कॅमेऱ्याने का होईना उतरवून घ्यावेत, आणि जे अंक हरवले आहेत त्यांची वर्षे जाहीर करावीत. जुन्या विद्यार्थ्यांच्या ट्रंकांत ते अंक असतात आणि मागितले तर मिळतात. या कामाची सुरुवात येत्या दिवाळीच्या सुट्टीपूर्वी व्हावी आणि कलम ९७ च्या समितीच्या पुढच्या बैठकीत ती विषयपत्रिकेवर घ्यावी, अशी विनंती आहे.



आपला विश्वासू,
जिल्ह्यातील एका कला महाविद्यालयाचा माजी विद्यार्थी
यवतमाळ